इतवारीच्या भिंतीवरची ताई

नागपूरच्या इतवारीत मान वर करून चालता येत नाही. वर पाहिलं की हातठेल्याचं चाक पायावर येतं, नाहीतर मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवून अंगावर येतो. त्यामुळे त्या बाजारात रोज एवढी माणसं येतात, पण दुकानांच्या पाट्यांच्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या भिंतींवर काय रंगवलेलं आहे ते कुणी पाहत नाही. नोकरीतून मोकळी झाल्यावर मला ते पाहायचा नाद लागला. सकाळी धरमपेठेतून बसने निघायचं, दुकानांची शटरं अर्धी उघडलेली असताना इतवारीत पोचायचं, आणि एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर उभं राहून वर पाहायचं.

खूप काही असतं वर. दंतमंजनाची जाहिरात, तिच्यातल्या माणसाचे दात तेवढे उरलेत आणि चेहरा गेलाय. बिडीचं बंडल, त्याच्यावरचा वाघ आता मांजराएवढा फिका. एका ठिकाणी नुसतं 'एकदा वापरून पाहा' एवढंच वाचता येतं, काय वापरायचं ते पावसानं धुऊन नेलंय. कुठे निळीची डबी, कुठे हिंग, कुठे सायकलवर बसलेला टाय लावलेला माणूस. मी मोबाइलवर फोटो काढायची. पुण्याला असलेला मुलगा म्हणायचा, "आई, लोक देवळं पाहतात, तू भिंती पाहतेस." मी म्हणायची, मला जुन्या अक्षरांची आवड आहे. ते खरं होतं, पण अर्धंच. मी एक भिंत शोधत होते. त्या भिंतीवर माझ्या ताईचं चित्र होतं.

आमचं घर विणकरांचं. बाबा नऊवारी लुगडी विणायचे, करवतकाठी. करवतीच्या दातांसारखा काठ असतो त्यांना, म्हणून ते नाव. घराच्या पुढच्या खोलीत माग होता आणि झोपेतून उठायच्या आधीच त्याचा आवाज कानात यायचा. विणलेला माल इतवारीतल्या एका दुकानात जायचा. ताई माझ्याहून बरीच मोठी. दहावी झाल्यावर तिला शिक्षिकेचा कोर्स करायचा होता आणि प्रवेश मिळेपर्यंतच्या मधल्या महिन्यांत ती बाबांबरोबर गठ्ठा घेऊन दुकानात जायची. बाबा आत शेठशी बोलत बसले की ती बाहेर पायरीवर बसून राहायची.

समोरच्या इमारतीच्या भिंतीवर तेव्हा त्याच दुकानाची जाहिरात रंगवणं सुरू होतं. बांबूची परांची बांधलेली आणि तिच्यावर एक पेंटर. ताईनं मला नंतर सांगितलं, तो मधूनमधून वळून पाहायचा, तिला वाटलं दुकानाच्या दारात टांगलेली लुगडी पाहतो आहे. ती त्याच्याशी कधी एक शब्द बोलली नाही. त्याचं नावही तिला माहीत नव्हतं. पण चित्र पुरं झालं, परांची उतरली, आणि भिंतीवर करवतकाठी नेसून उभी असलेली बाई हुबेहूब ताई होती.

मोहल्ल्यातल्या मुलींनी आधी पाहिलं. त्या ताईला ओढून घेऊन गेल्या. ती पाहून आली आणि त्याच दिवशी बाबांच्या कानावर गेलं.

मी लहान होते, पण ती संध्याकाळ आठवते, कारण माग बंद होता. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसले होते. माय म्हणाली, "तिचा काय दोष हाय?" बाबा म्हणाले, "दोष कोणाचा हाय ते कोण पाह्यते? उद्या बाजारात हमाल भिंतीकडं बोट दाखवून बोलतीन. मी तिथं माल घेऊन कोणत्या तोंडानं जाऊ?" दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले. शेठ भला माणूस होता म्हणतात. तो म्हणाला, पुढच्या वेळी रंग देऊ तेव्हा चेहरा बदलून घेऊ. ती पुढची वेळ कधी आली नाही. बाबा लांबच्या गल्लीतून वळसा घालून दुकानात जाऊ लागले. लोकांनी आपापल्या मनानं गोष्टी रचल्या. पेंटर आणि ताई. पेंटर घरी यायचा म्हणे. पळून जाणार होते म्हणे.

कोर्सचा प्रवेश आला, पण ताई गेली नाही. त्याच वर्षी तिचं लग्न झालं, भंडाऱ्याकडच्या एका गावातल्या एसटी कंडक्टरशी. मायनं पाठवणीच्या आधी तिला आतल्या खोलीत नेऊन शपथ घातली की सासरी त्या भिंतीचा शब्द काढायचा नाही, मरेपर्यंत नाही. मी दाराशी होते, मी ऐकलं.

ताईनं शपथ पाळली. ती माहेरी यायची, पण इतवारीत म्हणून कधी गेली नाही. मोठी खरेदी असली की तिचं डोकं दुखायचं. घरात कुणी फोटो काढू लागलं की ती उठून चहा ठेवायला जायची. मुलांना वाटायचं आई लाजते. मला माहीत होतं, कुणाला तरी तोंड ओळखीचं वाटेल ही तिची भीती होती. भाऊजी तर एसटीतले, नागपूर मार्गावरचे. रोज नागपूरला येणारा माणूस कधीतरी इतवारीत जाईल, वर पाहील, या धास्तीत तिनं संसार केला. पुढे त्या इमारतीसमोर दुसरी उंच इमारत आली म्हणतात आणि भिंत झाकली गेली. तोवर बाबा गेले, माग विकला, माय गेली. मीही नोकरी, मुलगा, सासर यात ती भिंत विसरल्यासारखी झाले.

मग भाऊजींची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा धंतोलीतल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या बसने दोघं यायचे, संध्याकाळी परत जायचे. भाऊजी मशिनीला लागले की ताईला बाहेर बाकावर बसून राहण्यापलीकडे काही काम नसायचं. मी डबा घेऊन जायची. त्या बाकावर आम्ही बहिणी लग्नानंतर पहिल्यांदा एवढा वेळ सलग बसलो. एक दिवस मी तिला मोबाइलवरचे भिंतींचे फोटो दाखवत होते. दंतमंजनवाल्याच्या दातांना ती हसली. मग म्हणाली, "ते भेटली काय वं तुले?"

कोण, ते विचारायची गरज नव्हती.

"नाही. गल्लीच ओळखू येत नाही आता."

ती थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली. "मले आठवते. भांड्यायच्या दुकानायजवळून वळाचं. तांब्यावर ठोकाचा आवाज याचा."

मी म्हटलं, चल. ती म्हणाली, हे एकटे आहेत. मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, तुम्ही इथे बसून तरी काय करता, जाऊन या. ताई उठली. ऑटोत ती माझा हात धरून बसली होती.

ठोकण्याचा आवाज आता कुठून यायचा. तयार स्टीलची भांडी रचलेली होती दोन्ही बाजूंना. पण ताई त्या गर्दीत चालायला लागली ती न विचारता. ठेलेवाला ओरडला, "बाजू, बाजू!" ती बाजूला झाली आणि पुन्हा पुढे. एका वळणावर थांबली. दुकान गेलं होतं. त्या जागी मोबाइलची कव्हरं आणि छत्र्या विकायला होत्या. पायरी मात्र तीच होती, तिनं पायानं दाखवली. समोर उंच इमारत, तिच्यावर मोठा फ्लेक्स. त्या इमारतीच्या आणि मागच्या जुन्या भिंतीच्या मधे हातभर फट होती. फटीत काही दिसत नव्हतं.

त्या उंच इमारतीतल्या खालच्या प्लास्टिकच्या दुकानदाराला मी विचारलं, वर गच्चीवर जाऊ द्याल का. तो म्हणाला, "काय हाय वरती?" मी म्हटलं, जुनी जाहिरात आहे, पाहायची आहे. त्याला ते पटलं नाही, पण दोन म्हाताऱ्या बायकांना नाही कसं म्हणायचं म्हणून त्यानं कुलूप उघडून दिलं. जिना अरुंद होता, भिंतीचा चुना अंगाला लागत होता. ताई गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढली.

गच्चीच्या मागच्या कठड्यावरून ती भिंत अगदी समोर होती. इमारतीच्या आडोशामुळे तिच्यावर ऊन फारसं पडलं नव्हतं, पण पाणी झिरपत राहिलं होतं. वरची अक्षरं अर्धी शिल्लक होती. खाली नऊवारीचा घोळ आणि काठ. करवतीचे दात त्या पेंटरनं एकेक काढले होते, लाल आणि पिवळे, ते अजून मोजून घ्यावेत असे स्पष्ट. खांदा होता, पदर होता, एक कान आणि कानातली कुडी होती. चेहऱ्याच्या जागी पोपडे निघून आतली वीट दिसत होती आणि तिच्यावरून पाण्याचा पाइप खाली गेला होता.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "हे लुगडं बाबांचंच हाय. काठ पाह्य नं. असा काठ ते एकटेच काढत होते."

मग म्हणाली, "मले बहुत आवडलं होतं वं ते चित्र. एकदाच पाह्यलं मी. पोरी हसत होत्या, मी पण हसत होती. घरी येतपावतर मी किती खुश होती, तुले काय सांगू. आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही मी हे."

मी तिचा हात धरला. आम्ही खाली उतरलो. दुकानदारानं पाणी दिलं.

दवाखान्यात परतलो तेव्हा भाऊजींचं होत आलं होतं. ते उशीला टेकून पडले होते. ताईच्या पातळावर चुना लागलेला त्यांनी पाहिला.

"कुठी गेलती?"

"इथंच. इतवारीत. हिले सामान घ्याचं होतं," ताई म्हणाली. सामान कुणाच्याच हातात नव्हतं.

भाऊजी तिच्याकडे पाहत राहिले. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "हाय काय ते भिंत अजून?"

ताई उभी होती ती बाजूच्या खुर्चीवर बसली. मला आधी समजलंच नाही ते काय म्हणताहेत. समजलं तेव्हा मी दाराकडे निघाले, भाऊजींनी मला थांबवलं. "थांब. तू बी आइक. तुयाच बापाची गोष्ट हाय."

लग्नाआधी ते बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला इतवारीत आले होते. वर पाहिलं तर ती बाई. ते सांगत होते, "मी तिथंच उभा राहून गेलो. एक ठेलेवाला मले शिव्या देऊन राहिला, मले आइकूच नाही आलं." त्यानंतर बस नागपूर डेपोत लागली की ते पायी इतवारीत जायचे, भिंत पाहायचे आणि परत यायचे. मग कुणा नातेवाइकानं स्थळ सुचवलं, ते मुलगी पाहायला आमच्या घरी आले, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन ताई बाहेर आली.

"मी वेडा झालो होतो आनंदानं," भाऊजी म्हणाले. "निघतानी तुया बाबांले बाजूले घेतलं अन् सांगून टाकलं, का मी हिले पाह्यली हाय, भिंतीवर. मले वाटलं त्यायले बरं वाटीन. तर त्यायचं तोंडच उतरलं. हात जोडले त्यायनं माह्यापुढं. म्हणे, जावईबापू, पोरीची बदनामी झाली त्या भिंतीपायी, तुम्ही हे घरात कधी बोलू नका, तिले तर नाहीच नाही. मी शब्द दिला."

ताईनं विचारलं, "बाबा जाऊन किती वर्षं झाले?"

भाऊजी मोकळ्या हातानं चादर सारखी करू लागले.

"अन् तरी तुम्ही बोलले नाही. काहून?"

"तू बी तर कधी बोलली नाही. मले वाटलं तुले दुखते त्याच्यानं. मंग आता कायले काढाचं म्हणून राहून गेलं. राहतच गेलं."

ताई उठून बाहेर गेली. त्या दिवशी बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली नाही, मागच्या सीटवर बसली. हे मला भाऊजींनीच नंतर सांगितलं. घरी पोचल्यावर तिनं स्वयंपाक केला, ताट वाढलं आणि जाऊन झोपली. मला फोनवर म्हणाली, "मी ह्यायच्या मागं-पुढं चोरासारखी जगली वं. हे नागपूरहून आले का मी तोंडाकडं पाह्यत होती, कोणी काही सांगतलं काय म्हणून. अन् ह्यायले सगळं मालूम होतं."

मायची शपथ मी दाराआडून ऐकली होती, बाबांचं हात जोडणं मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. एकाच घरानं दोघांच्या तोंडाला वेगवेगळं कुलूप लावलं होतं. बाबांचा राग करायला गेलं की मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबा डोळ्यांसमोर येतात आणि रागही पुरता करता येत नाही. ते काही दुष्ट नव्हते, घाबरले होते.

पुढच्या आठवड्यात दोघं आले तेव्हा ताईचा चेहरा उतरलेलाच होता, पण ती त्यांची पिशवी धरून होती. भाऊजींना भिंत पाहायची होती. मी त्यांना जिन्याचं सांगितलं. त्यांचे पाय सुजलेले, दम लागायचा. ते म्हणाले, "जरा बरं वाटू दे, जाऊ." तोवर मी त्या दिवशी गच्चीवरून काढलेला मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला, सरकवत सरकवत कानापाशी आणला.

"इथं एक बट होती," ते म्हणाले. "कानावर आलेली. हवेनं आल्यासारखी. बाकी चेहरा तर..." आणि त्यांनी ताईकडे पाहिलं. "बाकी तर घरी होताच."

ताई म्हणाली, "आता म्हणून काय फायदा?" पण ती उठून गेली नाही.

बरं वाटायची वाट पाहण्यात दिवस गेले. मग त्यांच्याच तालुक्याच्या गावी डायलिसिसची सोय झाली. एवढा प्रवास वाचला म्हणून सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. नागपूरला येणं बंद झालं आणि भिंत पाहायला जाणं राहून गेलं. मी दोनदा म्हटलं, गाडी करते, दुकानदाराला खुर्ची वर न्यायला लावते, एकदा या. ताई म्हणायची, विचारते. मग ताप आला, मग हाताची नस सुजली, मग आणखी काही.

पण फोनवर ताईचा आवाज बदलला होता. "आज काय सांगतलं माहीत हाय काय ह्यायनं?" असं तिचं सुरू व्हायचं. भाऊजी कोणत्या रस्त्यानं इतवारीत जायचे. एकदा त्या पेंटरलाच त्यांनी गाठलं होतं आणि विचारलं होतं ही बाई कोण आहे, तर तो म्हणाला होता, मला तरी कुठे माहीत, पायरीवर बसायची. लग्नाच्या मंडपात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांना हसू येत होतं आणि त्यांनी ते दाबलं होतं. ताई हे सांगता सांगता हसायची आणि मग म्हणायची, "मले वाटलं होतं हे मले पाह्यून हसले. मी त्या दिवशी किती रडली होती." संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून बोलत असायचे. जे बोलायला सगळं आयुष्य होतं ते त्यांनी त्या थोड्या महिन्यांत बोलून घ्यायचा प्रयत्न केला. पुरलं नाही. थंडीत भाऊजी गेले.

दिवस झाल्यावर मी ताईकडून परत आले आणि बरेच दिवस इतवारीत गेले नाही. गेले ते उन्हाळ्याच्या तोंडावर, मुद्दाम. प्लास्टिकवाल्यानं ओळखलं. म्हणाला, "वर जाऊन काही फायदा नाही, काकू. मागच्या बिल्डिंगवाल्यानं भिंत प्लास्टर करून घेतली. पाणी मुरत होतं नं." तरी मी वर गेले. भिंत गुळगुळीत, राखाडी, अजून रंग लावायचा होता. पाइप तेवढा नवा बसवलेला. काठाचा एकही दात उरला नव्हता. मी फोटो काढला नाही.

आठ दिवस मी ताईला सांगितलं नाही. मग मला ते बरोबर वाटेना. आमच्या घरात लपवून ठेवणं पुरे झालं होतं. मी फोन केला आणि सांगून टाकलं.

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"त्यायले एकदा दाखवाची होती," ती म्हणाली. "जिन्यावर खुर्चीत बसवून नेलं असतं दोघातिघायनं. काय मोठं काम होतं?"

"हो," मी म्हटलं.

मग तिनं विचारलं की आंबे आले काय बाजारात, आणि नातवाची परीक्षा संपली की चार दिवस माझ्याकडे येते म्हणाली. मी म्हटलं, ये. फोन ठेवताना ती म्हणाली की आता इतवारीत मात्र नको जायला, इकडेच कुठेतरी फिरू.